लेझरची बंदूक आणि रंगाऱ्याचा काळा

मोटारींच्या गॅरेजमध्ये रंगकाम करणारा एक रंगारी होता. हाताच्या कामात तो जितका सावकाश, तितकाच प्रश्न विचारण्यात उतावळा. रंगासाठी गाडी आली की तिचा मालक पाठ फिरवण्याआधी रंगाऱ्याने त्याला चार गोष्टी विचारलेल्या असत. धडक समोरून बसली की बाजूने? गाडी रोज उन्हात उभी असते की झाडाखाली? धुता कशाने? लोक उत्तरे देता देता मेटाकुटीला येत. परंतु गाडी परत नेताना जुना रंग कोठे संपला आणि नवा कोठे सुरू झाला, हे त्यांना बोट फिरवूनही सापडत नसे. त्यामुळे पुढच्या वेळी ते मुकाट्याने उत्तरे देत.

त्याच्या हातच्या काळ्या रंगाची तर विशेष ख्याती होती. बाजारात डब्यातून मिळणारा काळा हा काजळीचा असतो. रंगारी तो फक्त गाडीच्या पोटाखाली, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे वापरी. "तो काळा नव्हे, तो नुसता अंधार," असे तो म्हणे. स्वतःचा काळा तो गडद निळा, गडद तांबडा आणि थेंबभर हिरवा अशा रंगांतून जमवी. त्यात काजळीचा कणही नसे. खाली पांढरा अस्तराचा हात देऊन त्यावर हा काळा चढवला, की उन्हात त्याच्याकडे पाहणाऱ्याला खोल पाण्यात डोकावल्यासारखे वाटे. रंग जमला की नाही हे सांगायला त्याला कोणतेही यंत्र लागत नसे. त्याचा डोळाच त्याचे यंत्र होता, आणि त्या डोळ्याने त्याला आजवर कधी दगा दिला नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, न सांगता घरी आला. लहानपणी हा मुलगा एका जागी बसत नसे म्हणून घरच्यांनी त्याचे नाव भिंगरी ठेवले, आणि तो बाप्या झाला तरी ते नाव काही सुटले नाही. भिंगरीची स्वतःची एक गडद निळी व्हॅन होती. आसपासच्या लहान दवाखान्यांतून रक्ताच्या नमुन्यांच्या पेट्या गोळा करायच्या आणि शहरातल्या तपासणीच्या प्रयोगशाळेत पोहोचवायच्या, हे त्याचे काम होते.

"भावोजी, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही," भिंगरी चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाला.

"आधी काम सांग," त्याची बहीण चुलीपासून न वळता म्हणाली. "हे 'हो' म्हणून मोकळे होतील, आणि निस्तरायचं मला."

"गाडी अदृश्य करायची आहे."

"कुणापासून?" रंगाऱ्याने कान टवकारले.

"पोलिसांच्या लेझर बंदुकीपासून. दोनदा पकडलं मला. तिसऱ्यांदा सापडलो तर लायसन तीन महिने जप्त. गाडी दारात उभी राहील आणि प्रयोगशाळेचं काम दुसरा कोणी घेऊन जाईल. मग मी काय करू, तुमच्या दारात बसून तुमचे प्रश्न ऐकू?"

"सावकाश चालव," बहीण म्हणाली. "कोणालाच दिसणार नाहीस."

"ताई, तुला नाही कळायचं. पेट्या वेळेत पोहोचायला लागतात."

येथे वास्तविक आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. परंतु रंगाऱ्याचे मन केव्हाच त्या बंदुकीच्या मागे धावत गेले होते. ती बंदूक नेमके काय झाडते? ते गाडीला कोठे लागते? आणि लागलेले परत कसे येते? हा भुंगा एकदा डोक्यात शिरल्यावर त्याला चहाही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दोघे मोटारींच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदार बोलका होता, आणि ऐकणारा मिळाला म्हणून खूशही झाला.

"साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. "बंदूक उजेडाचे ठोके मारते. एका सेकंदात शेकडो. डोळ्याला न दिसणारा उजेड, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला. ठोका गाडीवर आपटतो आणि मागे येतो. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून बंदुकीला अंतर कळतं. पुढच्या ठोक्याला अंतर थोडं कमी भरतं, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. किती कमी झालं, त्यावरून वेग."

"भिंतीवर चेंडू मारत भिंतीकडे चालत जावं, तसं," रंगारी म्हणाला.

"अगदी तसं. फक्त इथे भिंत चालत येते."

"मग ह्यावर तोडगा काय?"

दुकानदाराने काउंटरखालून दोन लहान डब्या काढल्या. पहिली डबी नुसती ओरडणारी होती. तिच्यावर तो उजेड पडला की ती किंचाळून चालकाला सावध करी.

"पण उजेड पडला म्हणजे मोजून झालंच ना?" रंगाऱ्याने विचारले.

दुकानदार जरा घुटमळला. "तसं झालंच म्हणा. रडारच्या जुन्या बंदुकीचा फवारा सगळ्या रस्त्यावर पसरायचा, त्यामुळे लांबूनच चाहूल लागायची. लेझरचा झोत दोरीसारखा बारीक असतो. तुमच्यावर पडला, म्हणजे तुमच्यासाठीच मारलेला असतो."

"म्हणजे ही डबी चोर घरातून गेल्यावर भुंकते," भिंगरी म्हणाला.

दुसरी डबी गाडीच्या पुढच्या जाळीत बसवायची होती. ती आलेले ठोके ओळखी आणि त्याच जातीचा उजेड उलट फेकी. खऱ्या ठोक्यांच्या आधी आणि मध्ये हे खोटे ठोके बंदुकीत शिरले, की तिचा हिशोब बिघडून पडद्यावर आकडाच उमटत नसे. रंगाऱ्याला ही युक्ती फार आवडली. दोघे बोलत असताना मध्येच तिसऱ्याने मोठमोठ्याने आकडे म्हणावेत आणि मोजणाऱ्याचे गणित चुकवावे, तसे हे झाले, असे तो म्हणाला. परंतु पुढचा प्रश्न त्याने विचारल्यावाचून सोडला नाही.

"आकडा उमटला नाही, तर पोलिसाला संशय येणार नाही?"

"नव्या बंदुका ओळखतात म्हणे," दुकानदाराने आवाज खाली आणला. "आणि हे सापडलं तर गुन्हा मोठा. वेगाचा लहान, ह्याचा मोठा. मी घ्या म्हणत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून दाखवली."

बाहेर आल्यावर भिंगरीचे तोंड उतरले होते. रंगारी मात्र रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून येणारा सायकलवाला त्याला शिव्या देत बाजूने गेला, तेही त्याच्या कानी पडले नाही.

"उजेड परत फेकायचा कशाला?" तो म्हणाला. "परत जाऊच द्यायचा नाही. गिळून टाकायचा."

"आणि उजेड गिळतो कोण?"

"काळा," रंगारी म्हणाला. "चांगला काळा."

त्याने त्या आठवड्यात व्हॅनचे नाक, म्हणजे बॉनेट आणि पुढचा बंपर, पत्र्यापर्यंत घासून काढले. पांढरे अस्तर दिले. त्यावर आपला तो निळ्या-तांबड्यातून जमवलेला काळा चढवला, आणि चमक मरावी म्हणून वरून बिनचकाकीचा हात दिला. एका जुन्या सुट्या दारावरही तोच रंग नमुन्यादाखल मारून ठेवला. व्हॅन बाहेर काढली तेव्हा गॅरेजमधले लोक हातातली कामे टाकून पाहायला आले. पुढचा भाग कोणी कापून नेला असावा, इतका तो काळा होता.

"भावोजी, हात दाखवा तो तुमचा," भिंगरी म्हणाला, आणि त्याने खरोखरच रंगाऱ्याचा हात कपाळाला लावला.

"आधी हळू जाऊन बघ," रंगारी म्हणाला. परंतु त्याच्या आवाजातच इतका अभिमान होता, की भिंगरीने ती सूचना एका कानाने ऐकली आणि दुसऱ्याने सोडली. तो गेला तो धुरळा उडवीतच.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रंगाच्या खोलीचे दिवे मालवलेले असत. त्या दिवशी गॅरेजच्या मालकीणबाई आपल्या केबिनमध्ये डबा खात होत्या, आणि त्यांच्यासमोर पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचा पडदा चालू होता. रंगारी काही सामान मागायला आत गेला आणि पडद्याकडे पाहून दारातच खिळला. पडद्यावर त्याची अंधारी खोली राखाडी रंगात दिसत होती. कोपऱ्यात काजळीच्या काळ्याने माखलेले ड्रमचे झाकण होते, ते कोळशासारखे काळे दिसत होते. त्याच्या शेजारी त्याने रंगवलेले दार उभे होते. ते दार पांढरे होते. नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखे पांढरे.

"माझं दार कोणी बदललं?" त्याने विचारले.

"कोण बदलणार? सकाळपासून तिथेच आहे."

रंगारी खोलीत धावत गेला, दिवा लावला. दार काळे होते. तो परत आला. दिवा लागल्यामुळे पडद्यावरही ते काळेच दिसत होते. त्याने पुन्हा जाऊन दिवा मालवला आणि परत येऊन पाहिले, तर दार पुन्हा पांढरे. अशा त्याने इतक्या फेऱ्या घातल्या, की मालकीणबाईंनी डब्याचे झाकण लावले.

"कॅमेरा बिघडलाय," तो शेवटी म्हणाला.

"बिघडलेला नाही हो. अंधार झाला की तो स्वतःचा उजेड टाकतो आणि त्यात बघतो. रिमोटमध्ये असतो ना, तसला. आपल्याला तो दिसत नाही."

रंगारी खुर्चीवर बसला. काजळी तो उजेड गिळत होती. त्याचा निळा, तांबडा आणि हिरवा मात्र त्या उजेडाच्या लेखी काचेसारखे होते. उजेड त्यांच्यातून आरपार जात होता, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटत होता आणि जसाच्या तसा परत येत होता. त्याचा काळा माणसांसाठी काळा होता, बंदुकीसाठी नव्हता. ज्या डोळ्यावर त्याने सगळे आयुष्य काढले, त्या डोळ्याला ह्या कामात कोणी विचारतच नव्हते.

आणि त्या काळ्यावर विसंबून भिंगरी सुसाट निघाला होता.

त्याने फोन लावला. भिंगरीला एक चांगली सवय होती. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे. रंगाऱ्याने जन्मात प्रथमच त्या चांगल्या सवयीला शिव्या घातल्या, मालकीणबाईंची स्कूटर मागून घेतली आणि पुलाच्या रस्त्याला लागला. शहरात शिरताना पूल उतरल्यावर वाहतूक पोलीस बंदूक घेऊन उभे असतात, हे त्याला ठाऊक होते. पूल ओलांडून पलीकडच्या वळणावर उभे राहायचे आणि भिंगरीला हात करून थांबवायचे, असा त्याचा बेत होता.

पुलाच्या अलीकडे एक पोट सुटलेले हवालदार झाडाच्या सावलीत उभे होते. त्यांच्या हातात दुर्बिणीसारखे दिसणारे एक जाड यंत्र होते. रंगाऱ्याच्या स्कूटरचा वेग आपोआप कमी झाला. नुसते एकदा पाहून पुढे जाऊ, असे त्याने ठरवले.

"साहेब, हीच का ती लेझर बंदूक?"

"हीच. का? तुम्हाला पकडलं का कधी?"

"मला कोण पकडतो? मी रंगारी माणूस. फक्त विचारतो. ती गाडीच्या कुठे मारायची?"

हवालदार सकाळपासून एकटे उभे होते, आणि आजवर त्यांना सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे सोडून द्याल का. त्यामुळे ते खुलले. "नंबरप्लेटवर," ते म्हणाले. "तिचा पत्रा साधा नसतो. उजेड जिथून येतो तिथेच परत पाठवतो तो. म्हणून तर रात्री हेडलाइटमध्ये चमकतो. ती नाही सापडली तर हेडलाइट. त्यांच्या आतही आरसाच असतो."

"म्हणजे सगळी गाडी काळी केली, तरी प्लेट राहिलीच?"

"प्लेट काय, काच राहिली, दिवे राहिले. काळ्या गाडीचा आकडा जरा जवळ आल्यावर मिळतो, इतकंच. आणि प्लेटवर काही फासलं, तर तो वेगळा गुन्हा."

"आणि उलट उजेड फेकणारी डबी असली तर?"

हवालदारांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "रंगारी ना तुम्ही? बरंच ठाऊक आहे की. ही नवी बंदूक आहे. कोणी असलं काही केलं, तर ती आकडा देत नाही, पण गडबड आहे असं मला सांगते. मग गाडीच ठेवून घेतो."

"आणि हात हलला तर आकडा चुकतो?"

"झोत गाडीवर पुढून मागे घसरला, तर चुकू शकतो. म्हणून स्थिर धरायची. बघा, धरून बघा. त्या लाल ठिपक्यात प्लेट आणा आणि दाबा."

रंगाऱ्याने यंत्र डोळ्याला लावले. स्प्रे धरून स्थिर झालेला त्याचा हात जराही हलला नाही. पुलावरचा लांबचा रस्ता एकदम नाकासमोर आला. एक गाडी येत होती, तिच्या मागून दुसरी. त्याने मागच्या गाडीच्या प्लेटवर ठिपका बसवला आणि श्वास रोखून कळ दाबली. डोळ्यासमोर आकडा उमटला, ब्याऐंशी. किती स्वच्छ, किती झटपट, असे त्याच्या मनात आले. नंतर त्याने ठिपक्याच्या भोवतीचे नाक पाहिले.

आपला काळा त्याने तात्काळ ओळखला.

"किती?" हवालदारांनी विचारले आणि यंत्र त्याच्या हातातून घेतले. "साठची हद्द आहे इथे." त्यांनी स्वतः नेम धरून दाबले. तोच आकडा. तोवर भिंगरीने झाडाखाली पोलिसाशेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावोजींना पाहिले आणि सगळ्या ताकदीने ब्रेक मारला. परंतु आकडा केव्हाच घेतला गेला होता.

भिंगरी खाली उतरला. त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही.

"भावोजी, तुम्ही ह्यांच्याकडे कधीपासून नोकरीला?"

"तुला थांबवायला आलो होतो," रंगारी म्हणाला.

"मग पुलाच्या पलीकडे का नाही थांबलात?"

ह्याचे उत्तर रंगाऱ्याकडे होते, आणि ते त्याला फार जड गेले. "विचारत बसलो," तो म्हणाला.

हवालदारांनी काळ्या नाकावरून बोट फिरवले. सगळी हकिकत रंगाऱ्याने न लपवता सांगितली. निळा, तांबडा, अस्तर, कॅमेऱ्यातले पांढरे दार, सगळे. हवालदार इतके हसले, की त्यांना टोपी काढून घाम पुसावा लागला. परंतु पावती त्यांनी फाडली, आणि लायसन ठेवून घेतले. पेट्या तरी वेळेत जाव्यात म्हणून ओळखीच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांनीच फोन करून बोलावले.

घरी भिंगरीच्या बहिणीने दोघांना समोर बसवले. ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच दोघांची पाचावर धारण बसली. "तीन महिने तो म्हातारा गाडी चालवील," ती म्हणाली. "आणि तू ह्यांच्या हाताखाली घासकाम करशील. दोघांनी मिळून केलं, दोघांनी मिळून भोगा."

भिंगरी गॅरेजमध्ये येऊ लागला. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पत्रा गोल गोल घासणे त्याच्यासारख्याला मरणच होते. तो दर थोड्या वेळाने उठून रस्त्याकडे पाही. म्हातारा सावकाश चालवतो, पेट्या उशिरा पोहोचतील, काम हातचे जाईल, ही धास्ती त्याचा पिच्छा सोडीत नव्हती.

एका दुपारी म्हातारा व्हॅन घेऊन गॅरेजवर आला, कारण एका आरशाचा स्क्रू सैल झाला होता.

"काका, उशीर होतो का हो?" भिंगरीने विचारले.

"रोज होतो. रोज अर्धा तास मागे."

"मग प्रयोगशाळेतले काय म्हणतात?"

"काय म्हणणार? या काका, बसा काका, पाणी घ्या. आत यंत्रं दिवसभर चालूच असतात."

भिंगरीच्या हातातला पेपर बादलीत पडला. त्याने लायसन ज्याच्यासाठी गमावले, तो वक्तशीरपणा कोणी मागितलेलाच नव्हता.  मग त्याने मान वर केली.

"भावोजी, तुम्ही त्या बंदुकीला विचारलं, दुकानदाराला विचारलं, हवालदाराला विचारलं. मला एकदा तरी विचारलंत का, बाबा रे, घाई कशाची?"

 हे खरे होते. त्याने हातातली पुट्टी खाली ठेवली, फडक्याने हात पुसले आणि भिंगरीच्या समोर उलट्या डब्यावर बसला.

"आता विचारतो. घाई कशाची होती?"

भिंगरीने आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ते जमले नाही. "मागच्या उन्हाळ्यात एक पेटी बिघडली," तो म्हणाला. "त्यात जिचं रक्त होतं, त्या एका म्हाताऱ्या बाईला पुन्हा सुई टोचावी लागली. तिची शीर सापडत नव्हती. तीनदा टोचलं. मी दारातच उभा होतो. ती मला काही बोलली नाही, उलट म्हणाली, पाणी पिऊन जा बाळा. तेव्हापासून पेटी हातात आली, की पाय आपोआप खाली जातो."

"पेटी कशाने बिघडली? उशीर झाला म्हणून?"

"नाही. पेटीतला बर्फ वितळला. उन्हात व्हॅनची मागे भट्टीच होते. टप असा तापतो, की आत बसवत नाही."

"म्हणजे तू पोलिसापासून पळत नव्हतास. उन्हापासून पळत होतास."

रंगारी उठला आणि व्हॅनकडे गेला. त्याने गडद निळ्या टपावर तळहात ठेवला आणि चटका बसून झटकन काढला. शेजारी रंगून तयार असलेली एक पांढरी मोटार त्याच उन्हात उभी होती. तिच्या टपावर त्याने हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. उन्हातही न दिसणारा उजेड असतो का? आणि असला, तर तो पांढऱ्याला जसा परत फेकता येतो, तसा पांढऱ्या अस्तरावर चढवलेल्या माझ्या निळ्याला येतो का? ह्यावेळी डोळ्याला विचारून चालणार नव्हते. मालकीणबाईंकडे उष्णता मोजायचा थर्मामीटर असेल काय, असे त्याने हाक मारून विचारले.

"आधी टप घासावा लागेल," भिंगरी म्हणाला. कोणी सांगण्याआधी त्याने पेपर बादलीतून काढला, चाकावर पाय देऊन वर चढला आणि घासायला लागला. त्याचा हात आज घाईत नव्हता.

"त्या बाईचं पुढे काय झालं?" रंगाऱ्याने खालून विचारले.

भिंगरीचा हात थांबला. "माहीत नाही. त्या दवाखान्यात मी रोज जायचो, पण विचारायचा धीर झाला नाही."

"काका," रंगारी म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "उद्या त्या दवाखान्यात जाताना आम्हा दोघांना मागे बसू द्याल का?"